शब्द द्यायला शिकवताना

भविष्यकाळाच्या तक्त्यात ‘विल’ बिनचूक भरणारा सातवीतला मुलगा बाईंच्या हातातला वह्यांचा गठ्ठा बघून पुढे होतो आणि म्हणतो, ‘मॅडम, आय टेक.’ आपण ‘काळ चुकला’ म्हणून त्याला पुन्हा तक्त्याकडे धाडतो. खरं तर काळ त्याला येतो. ‘द्या, मी घेतो’, ‘उद्या आणतो’ असं आपण मराठीत वर्तमानकाळातच बोलतो, तेच त्याने इंग्रजीत नेलं. मदत देऊ करताना, शब्द देताना इंग्रजीत ‘आय’ल’ म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी आपण ‘विल’ फळ्यावरच शिकवतो, दोन माणसांमध्ये नाही.

तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत हेच मांडलं होतं: ‘मी वचन देतो’ हे वाक्य नुसती माहिती देत नाही, ते उच्चारणं हीच कृती असते. पुढे जॉन सर्ल यांनी त्यात भर घातली, की ऐकणाऱ्याला ती गोष्ट हवी असेल तरच ते वचन. ‘आय’ल हेल्प यू’ आणि ‘आय’ल टेल सर’ ही दोन वाक्यं जोडीने म्हणायला लावा. रचना एकच, पण एक आधार आणि दुसरी धमकी, हा फरक मुलं आवाजातूनच दाखवतील.

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशच्या वर्गात तर उदाहरणं शोधत बसायला नको. गावात भालचंद्र गणपती आहे. ‘पास झालो तर नारळ फोडीन’ असा त्याला नवस बोलताना मराठीही भविष्यकाळच वापरते, म्हणून ‘इफ’ आणि ‘विल’चं वाक्य इथून सुरू करावं. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता ठरतो. घेतलेल्या उचलीपायी अख्खं घर दिलेल्या शब्दाला कसं बांधलं जातं, हे या लेकरांनी पाहिलेलं असतं. त्यांच्याकडून ‘आय विल बिकम अ डॉक्टर’ घोकून घेण्यात काय अर्थ आहे?

नकाराचाही सराव हवा. आपल्याकडे पाहुणा ‘नको, राहू द्या’ म्हणतो, तरी आधण ठेवलं जातं. ‘वुड यू लाइक सम टी?’ला ‘नो, थँक यू’ म्हटलं तर मात्र विषय बहुधा तिथेच संपतो. हवं असेल तर पहिल्याच वेळी ‘येस, प्लीज’ म्हणायचं, हे संकोची मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.

आणि एक कळकळीची विनंती. ज्याचे आईवडील तोडीला जाणार आहेत, त्याच्याकडून ‘आय’ल कम एव्हरी डे’ वदवून घेऊ नका. तो हंगामी वसतिगृहात राहील की फडावर जाईल, हे त्याच्या हातात नसतं. त्याला ‘आय’ल ट्राय’ द्या, ‘आय कान्ट प्रॉमिस’ द्या. आणि शेजारच्या बाकावरच्याला ‘आय’ल कीप माय नोट्स फॉर यू’ शिकवा. हा तास पहिल्या सत्रातच घ्या, गाड्या कारखान्यांकडे निघण्याआधी.