बदली झाली, दातांच्या तारांचं काय?

मैत्रिणींनो, यजमानांची बदली झाली की गॅस, शाळेचा दाखला सगळं आपल्याला आठवतं. पण मुलीच्या दातांना तारा असतील, तर त्या उपचाराचाही 'दाखला' हवा, बरं का!

गाव सोडण्यापूर्वी जुन्या डॉक्टरांकडून सुरुवातीचे एक्स-रे, फोटो, दातांचे ठसे मागून घ्या. शिवाय लेखी टिपण हवं: कोणते दात काढले, पुढे काय योजलंय, ब्रॅकेटची खाच ०.०१८ इंची आहे की ०.०२२. ते ठाऊक नसलं तर नव्या डॉक्टरांना नेमकी तार निवडणं अवघड जातं. दिलेले पैसे आणि उरलेलं काम यांचा हिशेबही लिहून घ्या. नवे डॉक्टर आपली फी वेगळी सांगतील.

तारा साधारण ४ ते ८ आठवड्यांनी तपासाव्या लागतात. "सामान लागलं की बघू" म्हणत महिने घालवू नका. सुटलेल्या तारेनं दात भलतीकडे सरकू शकतात.

नव्या डॉक्टरांनी पद्धत बदलली, तर धास्तावू नका, कारण विचारा. मुलीसमोर मात्र जुन्या डॉक्टरांना नावं ठेवू नका. तिचाच विश्वास उडाला, तर रोज रबरं लावायची कुणी?