टनभर सामान आणि एक पाठ

दोस्तांनो, आज आधी एक गणित. तुमच्याजवळ ९०० किलो सामान आहे. गाडी नाही, बैल नाही, हमाल परवडत नाही. पाठीवर एका वेळी ३० किलो नेता येतं. हे सगळं सामान ५३ किलोमीटरवर पोचवायचं आहे. तर एकूण किती चालावं लागेल?

“३० खेपा, म्हणून ३० गुणिले ५३,” असं म्हणालात? फसलात! पुढची खेप आणायला मागे कोण येणार? ३० वेळा जायचं आणि २९ वेळा परत यायचं. ५९ गुणिले ५३ म्हणजे ३,१२७ किलोमीटर! आपल्या भारताची दक्षिणोत्तर लांबी भूगोलाच्या पुस्तकात पाहा, ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी, आणि तेही बर्फातून.

हे गणित मी मनानं रचलेलं नाही बरं का! १८९७-९८ च्या हिवाळ्यात हजारो माणसं ते पायांनी सोडवत होती.

झालं असं, की १६ ऑगस्ट १८९६ रोजी कॅनडाच्या वायव्य टोकाला, क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोनं सापडलं. जुलै १८९७ मध्ये ते सोनं घेऊन जहाजं अमेरिकेच्या सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटल बंदरांना लागली, आणि लोक अक्षरशः वेडे झाले. कारकून, शिक्षक, दुकानदार, ज्यांनी जन्मात कधी डोंगर चढला नव्हता, तेही निघाले. सुमारे एक लाख माणसं घराबाहेर पडली असा अंदाज आहे.

जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर डाया इथं उतरायचं, चिलकूट खिंड ओलांडून बेनेट सरोवर गाठायचं, ही ती ५३ किलोमीटरची वाट. तिथून पुढे होडीनं सुमारे ८०० किलोमीटर गेलं, की सोन्याचं गाव डॉसन.

पण एवढं सामान कशाला? तर खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे असत. वर्षभराचं अन्न जवळ असेल त्यालाच ते पुढे सोडत. पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, साखर, शिवाय तंबू, शेगडी, कुदळी, करवती. सगळं मिळून टनभर वजन!

शेवटची चढण इतकी उभी, की तिथं घोडाही चढत नसे. बर्फात सुमारे १,५०० पायऱ्या खोदलेल्या होत्या. त्यांवरून माणसं मुंग्यांसारखी एकामागे एक चढत. दम लागला म्हणून रांगेबाहेर झालात, तर पुन्हा आत शिरणं कठीण. वर ओझं ठेवायचं, घसरत खाली यायचं, की पुन्हा पहिली पायरी! सपाटीवर घसरगाडी ओढता येई, म्हणून आपल्या गणितापेक्षा चाल थोडी कमी पडे. तरीही महिनेच्या महिने जात. जवळच्या व्हाइट पासच्या वाटेवर लोकांनी घोडे नेले, तर तिथं सुमारे ३,००० घोडे ओझ्यानं आणि उपासमारीनं मेले.

ही वाट मुळात तिथल्या ट्लिंगिट लोकांची. पिढ्यान् पिढ्या ते तिच्यावरून व्यापार करत. आता ते मजुरी घेऊन ओझी वाहू लागले. एप्रिल १८९८ च्या सुरुवातीला ताजं, ओलं बर्फ साचलेलं पाहून त्यांनी कामाला नकार दिला आणि इतरांनाही सावध केलं. काहींनी ऐकलं नाही. ३ एप्रिलला कडा कोसळला आणि साठाहून अधिक माणसं बर्फाखाली गेली.

पोलिसांच्या नियमाला लोक किती बोटं मोडत असतील, नाही? पण तो नियम उगाच नव्हता. १८९७ च्या शरद ऋतूत डॉसनमध्ये अन्न संपत आलं होतं. नदी गोठली, की उन्हाळ्यापर्यंत जहाज येत नसे, आणि खिशातलं सोनं काही खाता येत नाही! ज्या ओझ्यानं पाठ मोडली, त्याच ओझ्यानं जीव वाचवले.

२९ मे १८९८ ला बेनेट सरोवरावरचं बर्फ फुटलं आणि हातांनी बांधलेल्या हजारो होड्या निघाल्या. पण डॉसनला पोचून पाहतात तो काय, सोन्याच्या चांगल्या जागा आधीच्या लोकांनी केव्हाच घेतलेल्या! निघालेल्या लाखातले तीस-चाळीस हजार पोचले, आणि त्यांतल्या जेमतेम चार हजारांना सोनं मिळालं.

आता तुमचं काम. आईबाबांना विचारून, एका माणसाला वर्षभर किती तांदूळ, पीठ, डाळ, तेल, साखर लागेल याची यादी करा. बेरीज करा, तिला ३० नं भागा, आणि सांगा, तुमच्या किती खेपा होतील?