मामांचा लेआउट चालता राहिला पाहिजे

डोंबिवलीतली आमची इमारत पुनर्विकासाला निघाली, तेव्हा नातेवाइकांकडून मला दोन सल्ले मिळाले. एक, मामांची छोट्या रेल्वेची इंजिनं विकून टाक, शौकीन लोक चांगले पैसे देतात. दुसरा, सगळं काचेच्या कपाटात मांडून ठेव, आठवण राहील. दोन्ही सल्ले प्रेमानं दिलेले होते आणि दोन्ही मी नाकारले. रेल्वेत नोकरी केलेल्या माणसांच्या कितीतरी घरांत असा एखादा छोट्या रेल्वेचा लेआउट माळ्यावर किंवा भिंतीला टेकून उभा आहे, आणि ती घरंही आता पाडली जाताहेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

मामा परळच्या रेल्वे कारखान्यात होते. 1950च्या दशकात ते प्रशिक्षणासाठी इंग्लंडात क्रूला गेले आणि येताना हॉर्नबी डब्लोचं ‘डचेस ऑफ मॉन्ट्रोज’ हे हिरवं इंजिन, चार डबे आणि पत्र्याच्या पायावरचे रूळ घेऊन आले. या नावाचं खरं इंजिन 1938 मध्ये क्रूच्याच कारखान्यात बांधलेलं. छोटं इंजिन लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कंपनीनं 1953 मध्ये बाजारात आणलं. प्रमाण फुटाला चार मिलिमीटर. रूळ तीन, त्यातल्या मधल्या रुळातून बारा व्होल्टची वीज येते आणि कडेच्या दोन रुळांतून परत जाते.

एवढंच विकतचं. बाकी सगळं मामांच्या हातचं. आठ बाय चारच्या प्लायवूडवर त्यांनी कर्जत उभं केलं, कारण घाट चढण्याआधी गाडीला मागून बँकर इंजिन लागतं ते तिथे. फलाटाचं छप्पर बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचं, केबिन सिगारच्या खोक्याच्या लाकडाची. पण या लेआउटचा जीव आहे लाल पाठीच्या एका वहीत. तिच्यात मामांनी वेळापत्रक लिहिलं आहे: कुठली गाडी कुठल्या फलाटावर घ्यायची, बँकर कधी सोडायचा, पॅसेंजरला वाट देण्यासाठी मालगाडी कुठे थांबवायची. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला मी. त्यांनी घंटा दिली की मी घंटेनंच उत्तर द्यायचं, सांधा बदलायचा, मग सिग्नल पाडायचा. उत्तर दिल्याशिवाय गाडी यायची नाही. “बाळ, लाइन मोकळी आहे का ते आधी डोळ्यांनी बघ, मग घंटा दे,” हे त्यांचं वाक्य माझ्या हाडात आहे. पुढे भौतिकशास्त्र शिकवताना विद्युतमंडलाचा धडा मी जितका मनापासून शिकवला, तितका दुसरा कुठलाच नाही.

इंग्लंडात पीटर डेनी नावाचे एक धर्मगुरू होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनी ‘बकिंगहॅम’ नावाचा लेआउट बांधायला घेतला आणि पुढची कितीतरी दशकं त्यावर काम केलं. तोही असाच वेळापत्रकावर आणि घंटांच्या खुणांवर चालायचा, आणि चालवायला त्यांची मुलं असायची. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली, तेव्हा डेनींनी मुलाचं काम करणारं एक यंत्र तयार केलं आणि त्याला मुलाचंच नाव दिलं, ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. डेनी 2009 मध्ये गेले. तो लेआउट मात्र दुसऱ्या एका जाणत्या माणसानं दुरुस्त करून चालता ठेवला. मला हे वारसा सांभाळण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण वाटतं. त्या माणसानं इंजिनांबरोबर कामाची रीतसुद्धा आपल्याकडे घेतली.

इंजिनं विकली तर नेमकी ही रीत जाते. बाजारात भाव असतो तो निळ्या खोक्याला, न खेळलेल्या, ओरखडा नसलेल्या मालाला. आमच्या ‘डचेस’चा रंग धरून धरून उडाला आहे. तिचं मोल मामांच्या वहीशेजारीच आहे.

कपाटाबद्दल तर माझं मत अधिक ठाम आहे. बंद ठेवलेलं इंजिन सुरक्षित राहत नाही. बेअरिंगमधलं तेल चिकट होतं, मुंबईच्या दमट हवेत पत्र्याचे रूळ गंजतात. आणि चालवायचं थांबलं की ज्ञानही विसरलं जातं. एक उदाहरण देते. मोटर साफ करायला आर्मेचर बाहेर काढायचं, तर त्याआधी चुंबकाच्या दोन टोकांना जोडणारा लोखंडाचा तुकडा लावावा लागतो, नाहीतर त्या काळच्या चुंबकाची ताकद घटते आणि इंजिन डबे ओढेनासं होतं. हे मला मामांनी हाताला धरून शिकवलं. डब्लोचा मूळ कारखाना चालवणारी कंपनी 1964 मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेली, बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला. आता शिकवायला माणूसच लागतो.

चालतं ठेवायचं म्हणजे बदलावंही लागतं, आणि त्यात भावनेला थारा देऊ नये. जुन्या वायरींचं रबर तडकलं होतं, मी फळीखालची सगळी वायरिंग उपसून नवी टाकली. जुना ट्रान्सफॉर्मर लहान मुलांच्या हाती देण्यासारखा नव्हता, तोही बदलला. नव्या घरात मावावी म्हणून फळी मधोमध कापून बिजागऱ्या बसवल्या. काही जणांना हे वाईट वाटलं. मला विचाराल तर वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाच्या वस्तूला ओव्हरहॉल करण्याइतका दुसरा मान नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी 1998 मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. त्यांच्यामागे कुटुंबानं ते चालू ठेवलं आहे, आणि तिथे मुलांना गाड्या धावताना दिसतात. प्रत्येक घराला संग्रहालय काढता येणार नाही. पण पुनर्विकासाच्या प्रत्येक नकाशात सोसायटीचं सभागृह असतं आणि वर्षातले बरेच दिवस त्याला कुलूप असतं. त्याची एक भिंत अशा लेआउटला द्यायला काय हरकत आहे? आयटीआयच्या वर्गांनाही तो घेता येईल, रिले आणि सिग्नल शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. देणाऱ्यानं एकच अट घालावी: घेणाऱ्यानं एक माणूस नेमावा आणि त्यानं आधी लेआउट चालवायला शिकावं.

माझ्यापुरती ही अट मी घातली आहे. मामेभावाची मुलगी बारा वर्षांची आहे, तिला लेआउट हवा आहे. इंजिनाला हात लावण्याआधी तिनं वही पाठ करायची, घंटांच्या खुणा शिकायच्या आणि मोटर उघडून पुन्हा बसवून दाखवायची, असं ठरलं आहे. सध्या ती बँकरच्या पानापर्यंत पोहोचली आहे, आणि मामांनी मालगाडीला दिलेली वेळ कमी पडते असं तिचं म्हणणं आहे. मी ताडून पाहिलं. तिचं बरोबर आहे. वहीत तिच्या अक्षरात दुरुस्ती करायला मी तिला सांगितलं आहे.