गोठ्यातले औषध, भट्टीतला खवा

धाराशिव जिल्ह्यातील भूम आणि वाशी या तालुक्यांत दुधाचा मोठा वाटा खव्याच्या भट्ट्यांकडे जातो. पावसाचा भरवसा नसलेल्या या पट्ट्यात खरीप हातचा गेला तरी घरखर्च दुभत्या जनावरावर भागतो. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे येथील जनावरांना कोणते औषध टोचले जाते, हा प्रश्न गोठ्यापुरता उरत नाही. तो मिठाईच्या डब्यातून शहरात पोहोचतो.

दुभत्या जनावरांचा नेहमीचा शत्रू म्हणजे कासदाह. कास सुजते, दुधात गाठी येतात आणि उपचाराला उशीर झाला तर सड कायमचा निकामी होतो. अशा वेळी प्रतिजैविकांना पर्याय नसतो, हे आधी स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. ‘औषधमुक्त दूध’ ही घोषणा शहरात गोड वाटत असली, तरी आजारी गाय तशीच वेदनेत ठेवणे हा काही शुद्धतेचा मार्ग नव्हे.

अडचण त्यापुढची आहे. टोचलेल्या औषधाचा अंश काही दिवस दुधात उतरत राहतो. म्हणूनच प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर दूध वर्ज्य करण्याचा कालावधी छापण्याचे बंधन २०१२ पासून आहे. त्या औषधासाठी असा कालावधी स्वतंत्रपणे सिद्ध झालेला नसेल, तर दुधासाठी किमान सात दिवस धरावे लागतात. केवळ आजारी सडाचे दूध टाकून भागत नाही. चारही सडांचे टाकावे लागते. दूध उकळले की सारे निर्धोक होते, हा समजही येथे कामाचा नाही. बहुतेक प्रतिजैविकांचे अंश उष्णतेने पूर्णपणे नष्ट होत नाहीत. त्यात एक किलो खव्यासाठी साधारण पाच लिटर दूध आटते. आटते ते पाणी. औषधाचा उरलेला अंश कढईतच राहतो.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून तपासलेल्या ६,४३२ दूध नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास. घबराट माजवावी असे नाही. परंतु पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला टक्केवारीचा दिलासा पुरत नाही, आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढीस लागण्याचा धोका तर साऱ्यांच्याच वाट्याचा आहे.

लाभ एकाचा आणि तोटा भलत्याचाच, हे आपण एकदा मोठी किंमत मोजून अनुभवले आहे. जनावरांच्या वेदना शमवणारे डायक्लोफेनॅक गुरांसाठी गुणकारी होते, स्वस्तही होते. मात्र औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. कारण २००४ मध्ये उजेडात आले, २००६ मध्ये भारताने पशुवैद्यकीय वापरावर बंदीचा निर्णय घेतला. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ संपली होती. पुढे असेक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांवर २०२३ मध्ये आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. गिधाडांना सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध होते, म्हणूनच या बंद्या पशुपालकाला पेलवल्या. नुसत्या मनाईने ते साधले नसते.

खव्याच्या पट्ट्यात नेमका हाच धडा लागू करायला हवा. दिवसाला दहा लिटर दूध देणाऱ्या गाईला औषध दिले, तर सात दिवसांत सत्तर लिटर दूध, म्हणजे सुमारे चौदा किलो खवा, मातीत ओतावा लागतो. औषधाचा खर्च वेगळाच. एकदोन जनावरांवर संसार चालवणाऱ्याला हे सांगणे सोपे आहे, निभावणे नव्हे. दुधाचा दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर. निर्दोष दुधासाठी चार पैसे अधिक मिळत नाहीत आणि दूध ओतून देणाऱ्याची कोठे नोंदही होत नाही. अशा व्यवस्थेत प्रामाणिकपणा हा निव्वळ तोट्याचा व्यवहार ठरतो.

शहरातील प्राणिप्रेमींनीही येथे नाके मुरडू नयेत. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला देणारे हात सुशिक्षितच असतात, आणि ती एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. डॉक्टरांना न विचारता जुन्या चिठ्ठीवर औषध आणण्याची सवय गोठ्यात आहे तशी फ्लॅटमध्येही आहे.

उपाय अगदीच अप्राप्य नाहीत. धार काढण्यापूर्वी आणि नंतर कासेची स्वच्छता, कासदाहाची वेळेवर चाचणी, गाय आटताना सडात औषध भरणे, यांनी दुभत्या काळातील औषधाची गरजच कमी होते. उरतो तो त्या सत्तर लिटरचा हिशेब. मानांकनाच्या नावावर वाढीव दर घेणाऱ्या व्यापाऱ्याने, पशुविम्याने की शासनाने तो भरायचा, हे ठरेपर्यंत वर्ज्य काळातले दूध कढईत पडणार नाही, याची खात्री वेष्टनावरील छापील सूचना देऊ शकत नाही.