पडदा सरकवून बघणारी म्हातारी

'कोझी मिस्टरी' म्हणजे अगदी निरुपद्रवी वाचन, असं ठामपणे सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. छोटंसं इंग्लिश गाव, चर्च, चहा, विणकाम, एक खून आणि पोलिसांच्या आधी गुन्हेगार शोधणारी एक म्हातारी. रक्त फारसं दिसत नाही, शेवटी सगळं जागच्या जागी येतं. वाचा आणि निवांत झोपा. मीही हा माल भरपूर वाचलाय, पुढेही वाचेन. पण ही निवांत झोप नक्की कोणाला लागते, हे विचारायचंच नाही का?

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल कादंबरीत पहिल्यांदा आली १९३० साली, 'द मर्डर ॲट द व्हिकारेज'मध्ये. सेंट मेरी मीड गावातली ही अविवाहित बाई. कोण कधी कोणाच्या दारातून आत गेलं याची तिला खडान्‌खडा माहिती, आणि माणूस वाईटच निघणार हा तिचा पक्का अंदाज. तो अंदाज खरा ठरतो, कारण खुनी कोण हे लेखिकेने आधीच ठरवलेलं असतं! मोहल्ल्यातल्या ज्या खालाला आपण चोंबडी म्हणून टाळतो, तिच्याच हाती ख्रिस्तीने न्यायाचा तराजू दिला. कुरआनात फार संशय घेणं, टेहळणी करणं आणि पाठीमागे निंदा करणं या तिन्हींना एकाच आयतीत (४९:१२) मनाई आहे. टेहळणीसाठी तिथे आलेला शब्द आणि आपला 'जासूस' एकाच अरबी धातूचे. मिस मार्पलची सारी विद्या नेमकी या तीन गोष्टींवर उभी आहे.

'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) घ्या. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झालीत, गावात नवी माणसं आलीत. मार्पलबाईंची तक्रार अशी, की पूर्वी कोण कुठला ते सर्वांना ठाऊक असायचं, आता लोक स्वतःबद्दल सांगतील तेवढंच कळतं. त्याच कादंबरीत मिट्झी आहे, युरोपातून जीव वाचवून आलेली निर्वासित स्वयंपाकीण. आपल्या घरच्यांना मारलं, असं ती सांगते आणि घरातली माणसं तिला खोटारडी ठरवतात. मालकीण त्यातल्या त्यात दयाळू, पण तीही म्हणते की पोरगी तिखटमीठ लावून सांगते. पोलीस दिसले की मिट्झीची गाळण उडते. हे सगळं आपण हसावं म्हणून लिहिलंय. मला हसू येत नाही.

ख्रिस्तीचे चाहते म्हणतील, अहो, पण खुनी मिट्झी नसतेच, परक्यावरचा संशय लेखिका स्वतःच खोटा पाडते. मान्य. गुन्हेगार चहाच्या टेबलाशी बसलेल्या आपल्याच माणसांत सापडतो, हे ख्रिस्तीचं मोठेपणच. पण खोटा संशय पानं उलटून पुसला जातो, हा भ्रम याच पुस्तकांनी पोसलाय. कादंबरीत संशयिताची सुटका शेवटच्या प्रकरणात होते. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त केलं ते एप्रिल २०१६ मध्ये. त्यांच्यातला एक जण तोवर हयातही नव्हता. ती साडेनऊ वर्षं कुठल्या प्रकरणात बसवायची?

शिवाय पडदा सरकवून बघणारी नजर आपल्याला पुस्तकात शोधावी लागत नाही. भाड्याने घर बघायला गेल्यावर आडनाव सांगा, मग समोरच्या खिडकीतला पडदा कसा हलतो बघा. डब्यात काय, पाहुणे किती, दाढी केव्हापासून ठेवली. हे विचारणारी मावशी मनाने वाईट असते असंही नाही. आपण सोसायटीचं रक्षण करतोय असं तिला खरंच वाटत असतं.

म्हणून ख्रिस्तीवर बंदी घाला, असलं काही मी म्हणत नाही. मला फक्त एक कादंबरी हवी आहे, तेच गाव, तोच खून, पण मिट्झीच्या स्वयंपाकघरातून सांगितलेला. बाहेर बूट वाजतात, पोलीस आलेत, आणि तिने अजून काहीच केलेलं नाही.