बॅगेतलं चिलखत कुणाला वाचवतं?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याबाहेरचा एक डोंगर, उतारावर सुटा मुरूम आणि मधे मधे डोकं वर काढलेला काळा दगड. आम्ही पाच जण सायकली ढकलत वर निघालो होतो. माझ्या अंगात मैत्रिणीच्या दादाचं बॉडी आर्मर होतं. कडक प्लास्टिकच्या पट्ट्यांचं, कासवाच्या पाठीसारखं. पंधरा मिनिटं चढल्यावर मी घामाने निथळत होते. माथ्यावर पोचल्यावर ते काढलं, बॅगेत कोंबलं आणि बॅग झाडाखाली ठेवली. म्हटलं, एकदाच तर खाली जायचंय!

दुसऱ्याच वळणावर पुढचं चाक घसरलं. कॉलर बोन मोडलं, बरगड्यांना मुका मार बसला आणि पाठ अशी सोलवटली की आठवडाभर पालथं झोपावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘कॉलर बोनचं सांगता येत नाही, पण बाकीचं बरंचसं टळलं असतं.’’ आर्मर होतं, चांगलं होतं आणि माझ्यापासून दोनशे मीटरवर सावलीत आराम करत होतं.

म्हणून आज मुद्दा एकच मांडायचाय. डाउनहिलसाठी छाती-पाठ-खांद्यांचं पॅडिंग घेताना ‘सगळ्यात जास्त संरक्षण कशात?’ हा पहिला प्रश्न नाही. ‘मे महिन्यात, चढावर, घामात, मी हे अंगावर ठेवीन का?’ हा पहिला प्रश्न आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर ते जॅकेट म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पैसे मोजकेच असतील (आपले कायमच असतात!) तर पहिला खर्च हनुवटी झाकणाऱ्या फुल फेस हेल्मेटवर. मग गुडघे आणि हातमोजे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, म्हणजे यूसीआय, डाउनहिलमध्ये फुल फेस हेल्मेट सक्तीचं करते आणि पाठ, खांदे, कोपर यांच्या संरक्षणाची शिफारस करते. हा क्रम लक्षात ठेवा. आर्मर आहे म्हणून साध्या हेल्मेटवर भागवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता हलक्या पॅडिंगकडे. कडक कवचाचं पूर्ण जॅकेट साधारण दीड-दोन किलोच्या घरात जातं. त्याच्या तुलनेत जाळीच्या बनियानात मऊ पॅड बसवलेलं हलकं आर्मर बऱ्याचदा किलोच्या आत असतं आणि जर्सीच्या आत दिसतही नाही. ‘एवढंसं मऊ काय वाचवणार?’ असं वाटतं ना? घरी कॉर्नफ्लोर थोड्या पाण्यात घट्टसर कालवून बघा. बोट हळूच घातलं तर सहज आत जातं. जोरात बुक्की मारली तर तेच मिश्रण दगडासारखं घट्ट होतं. चांगल्या मऊ पॅडचं वागणं असंच असतं. एरवी अंगाबरोबर वाकतं, आपटलं की क्षणात आवळतं आणि आघात मोठ्या भागावर पसरवतं. १९९९मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या डी-थ्री-ओ कंपनीमुळे हे तंत्र बरंच माहीत झालं. आज इतर कंपन्यांचेही असे फोम मिळतात.

पण मऊ असलेलं सगळंच असं नसतं. ‘आर्मर’ म्हणून साधा स्पंज भरलेली बनियानंही विकली जातात. फरक हाताला कळत नाही, लेबलवर कळतो. पॅड बाहेर काढून त्यावर ‘ईएन १६२१’ हा आकडा शोधा. हा युरोपातला मानक मुळात मोटारसायकलवाल्यांसाठी आहे, सायकलच्या आर्मरलाही तोच लावतात. १६२१-१ म्हणजे खांदे, कोपर वगैरे सांधे, १६२१-२ म्हणजे पाठ आणि १६२१-३ म्हणजे छाती. नुसतं ‘सीई’ छापलेलं पुरेसं नाही, पुढे हा क्रमांक हवा.

त्यानंतर ‘लेव्हल’ बघा. चाचणीत पॅडवर ५० जूल ऊर्जेचा आघात करतात. म्हणजे पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून सोडल्यासारखं. पाठीच्या पॅडमधून पलीकडे पोचणारं बल लेव्हल १ मध्ये सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मध्ये फक्त ९. सरळ निम्मं! हलक्या बनियानांत बहुतेक वेळा लेव्हल १ असतं. रोजच्या टेकडीसाठी ते मला पुरेसं वाटतं. मोठ्या उड्या किंवा दगडी पायऱ्या मारणार असाल, तर मात्र थोडं वजन सोसून लेव्हल २ घ्या. आणि लेबलवर फक्त ‘ईएन १४०२१’ असेल तर सावध. ते पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेल्या खड्यांपासून वाचवायला आहे, तुम्ही दगडावर आपटाल त्यासाठी नाही.

मापाची चूक सगळ्यात जास्त होते. पाठीचं पॅड तुमच्या उंचीवर नाही, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या लांबीवर निवडायचं. घालून नुसतं आरशासमोर उभं राहू नका. गुडघे वाका, हात टेबलावर हँडल धरल्यासारखे ठेवा, मान वर करून समोर बघा. हेल्मेट मागून पाठीच्या पॅडवर आपटतंय? मग पॅड लांब आहे. खांद्याचं पॅड बोटांनी ओढून बघा. आत्ताच सरकत असेल तर पडताना ते खांद्यावर नसेलच. मुलींनो, ‘युनिसेक्स’वर विश्वास टाकू नका. छातीचं सपाट पॅड वर सरकून गळ्याला टोचत असेल तर दुसरं माप बघा, नाहीतर मुलींसाठी शिवलेलं मॉडेल.

घरी आणल्यावर पॅड काढून फक्त कापड धुवा. इस्त्री नको, उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत तर नकोच. जोरात पडल्यावर पॅड वाकवून तपासा. चीर दिसली, दाबलेला भाग परत फुगला नाही, तर त्याचं काम संपलं.

आता खरं ते सांगायलाच हवं. पॅड घातलं म्हणजे काही होणार नाही, असं अजिबात नाही. पाठीचं पॅड दगडाचा थेट फटका अडवतं. मणका पिरगळण्यापासून किंवा मान मोडण्यापासून ते वाचवत नाही. हात पसरून किंवा थेट खांद्यावर पडलात तर सगळा जोर कॉलर बोनवर जातो, तिथे खांद्याच्या पॅडचं फारसं चालत नाही. कडक जॅकेटवाले म्हणतात की टोकदार दगडावर प्लास्टिकचं कवच जास्त भरवशाचं. त्यांचं म्हणणं चूक नाही. लिफ्टने वर जाऊन दिवसभर फक्त उतरायचं असेल तर मीही तेच घालीन. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी सायकल ढकलत वर न्यायची असते आणि तेही सह्याद्रीतल्या उकाड्यात. तिथे अंगावरचं लेव्हल १ हे बॅगेतल्या लेव्हल २ पेक्षा कधीही चांगलं.

शेवटी दोन मागण्या. पहिली कॉलेजच्या सायकलिंग आणि ट्रेकिंग ग्रुप्सना. सहलीच्या टी-शर्टसाठी वर्गणी काढताच ना? एका वर्षी टी-शर्ट नको, ग्रुपसाठी वेगवेगळ्या मापांची चार बनियानं घ्या. आळीपाळीने वापरा आणि ‘अंगात नसेल तर उतारावर नाही’ हा नियम करा.

दुसरी मागणी आपल्या सगळ्यांना. पॅड घालणाऱ्याला ‘घाबरट’ म्हणणं बंद करूया. त्या दिवशी माथ्यावर मी आर्मर काढलं ते फक्त उकडत होतं म्हणून नाही. बाकी चौघांनी काही घातलं नव्हतं आणि मला एकटीला त्यात उभं राहायची लाज वाटत होती. त्या लाजेपायी सहा आठवडे हात गळ्यात अडकवून बसले, एक पेपर लेखनिक घेऊन दिला आणि आईला रोज माझी वेणी घालायला लावली.

आता माझ्याकडे स्वतःचं हलकं बनियान आहे. चढताना त्यातही घाम येतोच. पण ते काढायचं खाली पोचल्यावर.