टॅब वाटायचे असतील तर सिमसकट वाटा

दहावीचा निकाल लागला की आपल्या मीरा-भाईंदरमध्ये गुणवंतांचे सत्कार सुरू होतात आणि घराघरात एक प्रश्न सुरू होतो. पोराला टॅब घ्यायचा, तर सिमवाला घ्यायचा की नुसता वायफायवाला?

दुकानदाराला विचारा, कॉम्प्युटर शिकलेल्या भाच्याला विचारा, यूट्यूबवर बघा, उत्तर एकच मिळतं. "कशाला सिमचा घेताय? मोबाईलचा हॉटस्पॉट आहे ना!"

हा सल्ला काही घरांसाठी अगदी बरोबर आहे, ते आधी सांगून टाकतो. ॲपलचा साधा आयपॅड मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा वायफायवाल्याची किंमत होती ३४,९०० रुपये आणि सिम चालणाऱ्याची ४९,९००. म्हणजे नुसत्या सिमच्या सोयीचे १५ हजार. घरात ब्रॉडबँड आहे, प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन आहे, टॅब सोफ्यावरून हलणार नाही, अशा घरानं हे १५ हजार वाचवावेत. त्यात माझा काही वाद नाही.

माझा वाद आहे तो हाच सल्ला सार्वजनिक पैशाला लावणाऱ्यांशी. नगरसेवक, ट्रस्ट, मंडळं, कंपन्यांचा सीएसआर, सगळे टॅब वाटतात तेव्हा कोटेशनमध्ये जो स्वस्त तो घेतात. स्वस्त असतो वायफायवाला. फोटो निघतो, हार पडतात, बॅनर लागतो. आणि ज्या घरात वायफाय नाही त्या घरात तो टॅब जातो.

हॉटस्पॉट म्हणजे काय हो? घरातला दुसरा एक फोन, जो घरात आहे, चार्ज आहे, ज्यात डेटा शिल्लक आहे आणि ज्याची त्या वेळेला कुणाला गरज नाही. आता या चार अटी आपल्या शहरातल्या साध्या घराला लावून बघा.

बाप सकाळी भाईंदरहून लोकल पकडून चर्चगेटकडे जातो. फोन त्याच्या खिशात जातो. बाप काशीमिऱ्याला रिक्षा चालवत असेल, तर फोनवरच भाडं येतं आणि फोनवरच पैसे येतात. आई शांतीनगरला चार घरची कामं करते, तिचा फोन तिच्यासोबत. उत्तनच्या कोळीवाड्यात तर फोन बोटीबरोबर समुद्रात जातो, आणि बोट परत कधी येईल ते मासळीवर ठरतं. फोन गेला की हॉटस्पॉट गेला. दुपारी बारा वाजता पोरगी टॅब उघडून बसली, तर तिच्यासमोर काय असतं? गोल फिरणारं चक्र.

संध्याकाळी बाप घरी येतो तेव्हा फोनची बॅटरी संपत आलेली असते. हॉटस्पॉट चालू केला की फोन तापतो, बॅटरी आणखी पळते. त्यात डेटाचा हिशेब वेगळाच. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांनीही दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून थेट २९९ वर गेला. आता तासाभराचं लेक्चर साध्या ४८० पी दर्जात पाहिलं, तरी साधारण अर्धा जीबी जातो. तीन लेक्चरं झाली की घरचा दिवसाचा कोटा खलास. मग स्पीड येतो ६४ केबीपीएसवर, त्यात व्हिडिओ सोडा, फोटो उघडताना जीव जातो. बापाचा डेटा पोरीनं संपवला की घरात भांडण. आणि भांडणात टॅब कपाटात जातो, हे सांगायला काही संशोधन लागत नाही.

म्हणून मी म्हणतो, सिमची जागा ही ज्याच्याकडे सगळं आहे त्याच्यासाठी चैन असेल, ज्याच्याकडे एकच फोन आहे त्याच्यासाठी ती गरज आहे. गंमत बघा, १५ हजार जास्त देऊन ती विकत घेऊ शकतो तो, ज्याला ती लागत नाही. आणि ज्याला लागते त्याला फुकट टॅब देताना आपण नेमकी तीच गोष्ट कापतो.

कुणी म्हणेल, असं सिमसकट कुणी देतं का? देतं. नागपूरची महाज्योती संस्था, म्हणजे राज्य सरकारचीच महात्मा जोतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट, एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी टॅब देते. त्या योजनेत टॅबसोबत रोज ६ जीबी डेटा देण्याची तरतूद आहे. म्हणजे सरकारच्याच एका संस्थेला हे कळलेलं आहे की टॅब एकटा गेला तर अर्धाच जातो. मग गल्लीतल्या वाटपाला ते का कळू नये?

दुसरा रस्ताही आहे. मुंबई महापालिकेनं २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, त्यात अभ्यासक्रम आधीच भरून दिला होता. इंटरनेट नसलं तरी पुस्तक उघडतं, ही त्यातली खरी शहाणपणाची गोष्ट. पण त्यालाही मर्यादा असते. बालभारतीनं २०१८ मध्ये आठवीची पुस्तकं बदलली. मेमरी कार्डात भरलेला जुना धडा काही आपोआप बदलत नाही. तो बदलायचा तर टॅब कधीतरी नेटला जोडावाच लागतो.

म्हणजे शहाणे रस्ते दोन. एक, टॅबमध्ये अभ्यास भरून द्या आणि तो वेळोवेळी बदलून देण्याची जबाबदारी घ्या. दोन, सिम द्या आणि रिचार्जही द्या. आपल्याकडे वाटप होतं ते बऱ्याचदा तिसऱ्याच प्रकारचं. आत काही नाही, बाहेरून काही येत नाही. मागच्या बाजूला मात्र साहेबांच्या फोटोचा स्टिकर.

आता पैशाचं बोलू, कारण विरोध तिथूनच येणार. साध्या अँड्रॉइड टॅबमध्ये सिमवाला आणि वायफायवाला यांच्यात दोन-तीन हजारांचा फरक पडतो, आयपॅडसारखा १५ हजारांचा नाही. खरा खर्च रिचार्जचा. कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. २९९ गुणिले १३, झाले ३,८८७ रुपये. सिमच्या जागेपेक्षा पहिल्याच वर्षाचं रिचार्ज महाग पडतं. हे लपवून कुणी नुसते "सिमवाले टॅब वाटू" म्हणत असेल, तर तोही तुम्हाला फसवतोय. दोन महिन्यांनी रिचार्ज संपला की सिमवाला टॅबही वायफायवाल्यासारखाच गप्प बसतो.

समजा एखाद्याकडे १३ लाख रुपये आहेत. १३ हजारांचे वायफायवाले टॅब घेतले तर १०० मुलांना मिळतील. १६ हजारांचे सिमवाले घेतले आणि वर्षाचा रिचार्ज धरला, तर ६५ मुलांना मिळतील. ३५ मुलं कमी झाली. बॅनरवर "१०० विद्यार्थ्यांना टॅब" हे "६५"पेक्षा भारी दिसतं, मान्य. पण मी विचारतो, सहा महिन्यांनी त्या शंभरातले किती टॅब चालू असतील, ते मोजायला कुणी जातं का? मी तर म्हणतो ६५ द्या, आणि उरलेल्या ३५ जणांसाठी शाळेत किंवा अभ्यासिकेत वायफायची सोय करा. ज्याच्या घरी आधीच ब्रॉडबँड आहे त्याला वायफायवाला द्या. एका फॉर्ममध्ये दोन प्रश्न विचारले की कळतं: घरी वायफाय आहे का, आणि दिवसा घरात फोन कुणाकडे असतो?

पुढचा आक्षेप पालकांचाच असतो. "सिम दिलं की पोरं रील्स बघत बसतील." अहो, रील्स वायफायवरही दिसतात, बापाच्या फोनवरही दिसतात. उलट सिमच्या डेटाला रोजची मर्यादा असते, शेजाऱ्याच्या वायफायला ती नसते. अँड्रॉइडवर पालकांच्या नियंत्रणाची सोय फुकट मिळते, कोणतं ॲप किती वेळ चालेल ते ठरवता येतं. शंभर टॅब एकदम वाटणाऱ्यानं ते आधीच लावून द्यावं. आणि सिम तसंही १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावावर मिळत नाही, ते पालकाच्याच नावावर निघतं. म्हणजे लगाम घरातच राहतो.

आणखी एक गोष्ट, जी या चर्चेत कुणी काढत नाही. ज्या पोरीच्या टॅबला सिम नाही, ती नेट शोधत कुठे जाते? शेजारच्या दारात, जिन्यात, मैत्रिणीच्या घरी, दुकानासमोर. आणि रात्री आठनंतर तिला बाहेर जायला घरचे नाही म्हणतात. तिच्या भावाला कुणी अडवत नाही. म्हणजे वायफायवाला टॅब दोघांना सारखा दिला, तरी तो दोघांना सारखा मिळत नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला होता. तिथे मोबाईल वापरावर वसतिगृहाचं बंधन होतं. आपल्याकडे बंधन लेखी नसतं, एवढाच फरक.

आता मागणी कुणाकडे करायची? आपल्या महापालिकेत तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ९५ नगरसेवक परत सभागृहात आलेत. प्रभागात कुणी टॅब वाटायला निघालं, मग ते स्वतः नगरसेवक असोत, मंडळ असो की कंपनी, तर त्यांना चार प्रश्न विचारा.

टॅबला सिम चालतं का?
किमान एका शैक्षणिक वर्षाचा रिचार्ज खर्चात धरला आहे का?
सिम चालत नसेल, तर आत कोणता अभ्यास भरला आहे आणि तो बदलून कोण देणार?
वाटल्यावर सहा महिन्यांनी किती टॅब चालू आहेत, ते मोजून जाहीर करणार का?

यातल्या एकाचंही उत्तर धड मिळालं नाही, तर समजा की टॅब तुमच्या पोरासाठी आलेला नाही, फोटोसाठी आलाय.

सिम घेताना एक व्यवहाराची गोष्टही लक्षात ठेवा. उत्तन-पाली, चेणे आणि मीरा रोडच्या उंच टॉवरमध्ये एकच कंपनी सगळीकडे सारखी चालेल असं धरू नका. ज्या खोलीत मूल अभ्यासाला बसतं, त्या खोलीत कोणत्या कंपनीची रेंज येते ते फोनवर आधी बघा. घाऊक सिम घेणाऱ्यानं तर हे प्रभागवार बघायलाच हवं.

स्वतःच्या पैशानं घेणाऱ्या पालकांना माझं सांगणं थोडक्यात. घरात वायफाय असेल आणि टॅब घरातच राहणार असेल, तर सिमवर पैसे घालू नका. घरात एकच फोन असेल आणि तो दिवसभर बाहेर असेल, तर दोन-तीन हजार जास्त द्या आणि सिमवालाच घ्या. दुकानदार हॉटस्पॉट म्हणाला की त्याला एवढंच विचारा, "आणि फोन घरात नसताना?"